मखमलीचा कोट आणि एप्रिलचं ऊन

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

सुरुवातीलाच कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटवाली. दहावीपर्यंत मराठी माझी 'थर्ड लँग्वेज' होती आणि 'ड्रेपरी' म्हणजे खिडकीचे पडदे एवढंच मला ठाऊक होतं. त्यामुळे यंदा गॅदरिंगच्या एकांकिकेची वेशभूषा माझ्या गळ्यात पडली आणि दिग्दर्शक महाशय म्हणाले, "उद्या ड्रेपरीवाल्याकडे जाऊन ये," तेव्हा मी निरागसपणे विचारलं, "का? आपल्या स्टेजला पडदे नाहीयेत?" पुढचे दोन दिवस बॉईज होस्टेलच्या मेसमध्ये याच विनोदावर पोळ्या संपल्या म्हणे. असो. आता मला कळतं की नाटकाचे कपडे भाड्याने देणारा तो ड्रेपरीवाला. आणि हा लेख त्याच्याकडून आणलेल्या एका कोटाबद्दल आहे.

आमची एकांकिका मलिक अंबरवर होती. सिव्हिलच्या पोरांनी लिहिलेली, त्यामुळे त्यात प्रेमकथा नाही, पाईपलाईन आहे! मित्रांनो, या माणसाची गोष्टच भन्नाट आहे. इथिओपियात जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला जातो, हातोहात विकला जात दख्खनला पोचतो. निजामशाहीचा मंत्री चंगेजखान त्याला विकत घेतो, आणि तो चंगेजखान स्वतःही मुळात हबशी गुलामच. पुढे हाच मुलगा निजामशाहीचा कारभारी होतो, जहांगीर बादशहाच्या फौजांना वर्षानुवर्षं दमवतो, १६१० मध्ये खडकी हे गाव वसवतो आणि डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणतो. पंप नाही, मोटर नाही. आपण मात्र फ्लुइड मेकॅनिक्सच्या वायवाला हेड लॉस विचारला की हेडच लॉस करून बसतो. त्या खडकीचं पुढे फतेहनगर झालं, १६५३ मध्ये औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. नावं बदलत गेली, पण एप्रिलचं ऊन काही बदललेलं नाही.

आणि आमचं गॅदरिंग यंदा नेमकं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ढकललं गेलं. त्यातून हॉल मिळाला नाही. म्हणजे ओपन स्टेज, वर मांडव, आणि आमच्या एकांकिकेची वेळ दुपारी साडेचार!

ड्रेपरीवाल्याकडून मी जो 'राजाचा कोट' आणला त्याचं वर्णन करते. जांभळी मखमल (म्हणजे पॉलिएस्टरच), आतून नायलॉनचं अस्तर, कॉलरला आणि पुढच्या पट्टीला बकरम, छातीवर डिंकाने चिकटवल्यासारखे जरीचे पॅच, गळ्यापर्यंत बटणं, आणि पाठीत कोणत्याही मापाच्या राजाला बसावं म्हणून व्हेल्क्रो. दुकानातले काका अभिमानाने म्हणाले, "ताई, काल अकबर होता, परवा अफझलखान होता, आता तुमचा जो कोण असेल तो." मी तो कोट मेसच्या वजनकाट्यावर ठेवला. दोन किलो सातशे ग्रॅम. मावशी म्हणाल्या, "एवढ्या बटाट्यात अख्ख्या टेबलाची भाजी होते गं."

तालीम वर्कशॉपच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालायची. अंबरची भूमिका करणारा आमचा मेकॅनिकलचा मित्र. अंगाने दणकट, व्हॉलीबॉलच्या टीममध्ये आहे. पहिल्याच रंगीत तालमीत, नहरीत पाणी येतं त्या सीनला त्याने हात वर केला आणि वाक्य विसरला. आम्हाला वाटलं नेहमीप्रमाणे पाठ नाही. दिग्दर्शक ओरडला, "अरे बोल ना!" तो म्हणाला, "मला दिसत नाहीये." आणि लेथ मशिनला टेकून खाली बसला. बटणं काढायला गेलो तर बोटं घसरत होती इतका घाम. अंग तापलेलं, ओठ पांढरे. वर्कशॉपच्या सरांनी पंख्याखाली नेलं, कोट काढला, ओले फडके लावले, रेक्टर मॅडमनी इलेक्ट्रॉल पाठवलं. तासाभराने तो हसून म्हणाला, "खडकी वसवायच्या आधीच गेलो असतो." सगळे हसले. मला हसू आलं नाही. कोट मी आणला होता.

त्या रात्री सबमिशनची जर्नल्स बाजूला ठेवून मी साधा हिशोब केला. तो इथे देते, कारण आपल्या कॉलेजात आकडा दाखवल्याशिवाय कुणी ऐकत नाही. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश. बाहेरची हवा त्याहून गार असेल तर शरीरातली उष्णता नुसत्या वाऱ्यानेही जाते. पण पत्र्याच्या शेडमध्ये हवाच ३९-४० अंश असली की तो रस्ता बंद. उलट उष्णता आत येते. मग एकच वाट उरते, ती म्हणजे घामाचं बाष्पीभवन. स्टेजवर फिरणारा, ओरडणारा माणूस ३०० वॅटच्या आसपास उष्णता तयार करतो असं धरा. एक लिटर घाम वाळला की अंदाजे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. म्हणजे तासाला जवळजवळ अर्धा लिटर घाम नुसता गळून नाही, तर वाळून गेला पाहिजे. आता पॉलिएस्टर बघा. नेहमीच्या हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यात नायलॉनचं अस्तर आणि गळाबंद कॉलर. घाम गळतो, वाळत नाही. आपण मित्राला चक्क प्रेशर कुकरमध्ये घालून वर संवाद म्हणायला लावत होतो. शिट्टी झाली एवढंच.

खरं तर आपल्याकडचं ऊन कोरडं आहे. मुंबईसारखं चिकट नाही. कोरड्या हवेत घाम पटकन वाळतो, फक्त कापडाने त्याला वाट द्यायला हवी. मग प्रश्न असा पडला की, या गावात चारशे वर्षांपूर्वी राहणारी, घोड्यावर बसून लढणारी माणसं घालत तरी काय होती?

लायब्ररीत बसले. (लायब्ररियन मॅडम घाबरल्या, परीक्षा नसताना आले म्हणून.) लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये हाशिम नावाच्या मुघल चित्रकाराने १६२० च्या सुमारास काढलेलं मलिक अंबरचं चित्र आहे. त्याचा फोटो बघितला आणि कपाळावर हात मारला. पांढरा जामा! पातळ, घेरदार, बंदांनी बांधलेला, कमरेला पटका, हातात तलवार. मखमल नाही, जरीचे पॅच नाहीत, बटणं तर नाहीतच. वय झालेला, पोट सुटलेला, रुबाबदार म्हातारा साध्या पांढऱ्या कपड्यात उभा आहे आणि तरीही बघणाऱ्याला कळतं की हा हुकूम सोडणारा माणूस आहे. आमचा हिरो मात्र जांभळ्या कोटात बँडवाल्यासारखा दिसत होता.

मग खणतच गेले. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने 'तकौचिया' नावाच्या, अस्तर नसलेल्या, हिंदुस्थानी पद्धतीच्या अंगरख्याची नोंद केली आहे. अकबराने त्याचा घेर गोल करवला आणि बंद डावीकडचे उजवीकडे आणले. अस्तर नसलेला! बादशहाच्या कपड्याला अस्तर नव्हतं आणि आमच्या भाड्याच्या कोटाला आहे. मलमलीच्या जातींना नावं काय दिली होती बघा: 'आब-ए-रवाँ' म्हणजे वाहतं पाणी, 'शबनम' म्हणजे दव. कापडाला पाण्याची नावं देणारे लोक उन्हाळ्याचा विचार करत नसतील असं कोण म्हणेल? मखमल तेव्हा नव्हती असं मी म्हणत नाही. होती, पण ती थंडीत, तंबूत, गादीवर, घोड्याच्या खोगिरावर. चैत्रात भर दुपारी अंगावर नाही.

शिवाजी महाराजांचंही तेच. त्यांच्या काळाच्या जवळची, गोवळकोंड्याकडची जी चित्रं युरोपातल्या म्युझियममध्ये आहेत, त्यांत अंगावर जामा आणि कमरेला पटकाच दिसतो. आणि आपण तिथीच्या शिवजयंतीला, फाल्गुनातल्या उन्हात, चार वर्षांच्या पोराला मखमलीचा कोट, पॉलिएस्टरचा शेला आणि खोटी दाढी लावून ट्रॅक्टरवर तीन तास बसवतो. पोरगं रडतं. आपण म्हणतो, मावळा आहेस ना, रडायचं नाही.

असो, मुद्द्यावर येते. कोट परत करायचा ठरला. ड्रेपरीवाल्यांनी घामाचे डाग पडले म्हणून डिपॉझिटमधून पाचशे रुपये कापले! आणि शोध सुरू झाला.

पहिला विचार साहजिकच हिमरूचा आला. आपल्या शहराचं स्वतःचं कापड. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हा विणकर सोबत आले आणि ही कला इथे रुजली असं सांगतात. जफर गेटच्या बाजूला जाऊन मी हातमागावर ते विणताना पाहिलं. हातमाग आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. कापड इतकं देखणं की माझं बजेट विसरले, आणि मग किंमत ऐकून बजेट आठवलं. पण किंमत सोडली तरी ते आमच्या कामाचं नव्हतं. हिमरूची नक्षी जादा बाण्याच्या धाग्यांनी उठते आणि ते धागे मागच्या बाजूला सुटे तरंगत राहतात. म्हणून कापड जाड, उबदार होतं. शालीला, हिवाळ्यातल्या शेरवानीला उत्तम. एप्रिलला नाही.

तिथेच मला मशरू कळलं आणि मी पूर्ण फिदा झाले. मशरूची विण अशी असते की वरून रेशीम दिसतं आणि आत त्वचेला सूत लागतं. रेशीम थेट अंगाला लावणं धर्माने पुरुषांना मना, म्हणून ही युक्ती. 'मशरू' या शब्दाचा अर्थच 'चालणारं, परवानगी असलेलं'. म्हणजे बघणाऱ्याला पाहिजे तो थाट द्यायचा आणि घालणाऱ्याला पाहिजे तो आराम द्यायचा, दोन्ही एकाच कापडात. याला म्हणतात डिझाईन! आपल्या मशीन डिझाईनच्या पुस्तकात हे उदाहरण का नाही?

तेवढं मशरूही परवडणारं नव्हतं. पण कल्पना घेतली. थाट थोडक्या जागी ठेवायचा आणि बाकी सगळं अंग मोकळं सोडायचं. गुलमंडीवर नऊ मीटर पांढरी मलमल घेतली. आजीला फोन लावला. आजी वैजापूरची, तिला माझं मराठी ऐकून नेहमी ठसका लागतो. मी म्हटलं, "आजी, तो क्रॉस करून बांधतात तसा ओल्ड टाइप कोट कसा शिवतात?" ती म्हणाली, "अगं, कोट काय म्हणतेस! माझे सासरे बाराबंदी घालायचे. बारा बंद असायचे तिला. सुती, आखूड, शेतात जायला तीच आणि पंगतीलाही तीच." मग तिने फोनवर कळी, घेर, बंद, बगल असं सगळं समजावलं. मी देवनागरीत लिहून घेतलं. एवढं मराठी मी बारावीनंतर प्रथमच सलग लिहिलं असेन.

शिवायला शहागंजमधल्या एका म्हाताऱ्या चाचांकडे गेले. अंबरच्या चित्राची प्रिंट दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "बेटा, ये कोट नक्को बोलो, जामा है. और अस्तर बिलकुल नक्को." काखेत त्यांनी एक चौकोनी तुकडा जोडला. त्यामुळे हात वर केला तरी कापड ओढलं जात नाही आणि काखेत हवा खेळते. आमच्या जांभळ्या कोटात हात वर केला की अख्खा कोट कानापर्यंत यायचा, ते आठवलं. कमरेखाली कळ्यांचा घेर, छातीवर एकावर एक पल्ला, उजवीकडे बंद. मलमल मी चहाच्या पाण्यात बुडवून किंचित पिवळसर केली, नाहीतर उन्हात नुसती चकाकली असती. घेराला हलकी खळ दिली. पटक्यासाठी मात्र हिमरूचा एक लांबट तुकडा घेतला, लाल-सोनेरी. सगळी श्रीमंती तेवढ्या एका पट्टीत. पुन्हा मेसचा काटा: जामा सहाशे साठ ग्रॅम. पटका वेगळा.

दिग्दर्शकाशी मात्र मोठं भांडण झालं. तो म्हणाला, "राजा वाटत नाही. डॉक्टरकडे ॲडमिट झालेला पेशंट वाटतो." आणि मला मान्य आहे, त्याचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. मागच्या रांगेतून बारीक विण दिसत नाही, चमक दिसते. मराठी रंगभूमीने राजाला झगमगीत कपडे घालायची सवय आपल्याला शंभर वर्षांहून जास्त काळ लावली आहे. बालगंधर्वांच्या कंपनीचा शालू-शेल्यांवरचा खर्च तर प्रसिद्धच आहे. पडदा उघडला की डोळे दिपले पाहिजेत, ही प्रेक्षकाची हक्काची अपेक्षा आहे. पण त्या मंडळींचं रेशीम, जर खरी होती. आपण त्यांची चमक घेतली आणि कापड पॉलिएस्टरचं केलं. आणि नट गुदमरतोय हे जर मागच्या रांगेतून दिसत नसेल तर ते कुणीतरी विंगेतून बघायला नको का?

याच भांडणात दुसरा एक विषय निघाला, तोही लिहिते. कुणीतरी सुचवलं, अंबर हबशी होता, तर तोंडाला काळा रंग लावू. मी नाही म्हटलं. ज्याला चित्रकाराने इतक्या सन्मानाने उभं केलं, त्याला आपण बूटपॉलिशने दाखवणार? आमच्या नटाचा जो रंग आहे तो आहे. संवादात तो म्हणतोच ना की मी समुद्रापलीकडून आलो. यावर मतदान झालं आणि माझी बाजू दोन मतांनी जिंकली. जाम्यावर मतदान झालं नाही, तिथे नट स्वतः म्हणाला, "मी हाच घालणार, नाहीतर तू कर अंबर."

प्रयोग झाला. चाळीस मिनिटं तो स्टेजवर होता, एकदाही विंगेत पाण्याला आला नाही. शेवटी पाणी येतं तेव्हा तो गर्रकन वळला आणि घेर फुलला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या मुलींनी शिट्ट्या मारल्या (नावं मला माहीत आहेत, पण देत नाही). बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांच्या कागदावर वेशभूषेपुढे लिहिलं होतं: 'भव्यता कमी'. पहिला नंबर आला त्या नाटकातला राजा लाल मखमलीत होता, आणि शेवटच्या सीननंतर तो विंगेत बनियनवर बसून बादलीत डोकं घालत होता. हे परीक्षकांना कसं दिसणार?

तुम्ही म्हणाल, वर्षातून एकदा नाटक, एवढं काय त्याचं? पण हा फक्त नाटकाचा कोट नाही हो. आपल्याकडे मान म्हणजे जाड, काळं, गळाबंद कापड असंच ठरून गेलंय. पदवीदानाचा गाऊन घ्या. २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी भोपाळच्या पदवीदान समारंभात भर स्टेजवर गाऊन उतरवून ठेवला होता. २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतल्या वैद्यकीय संस्थांना काळा झगा सोडून इथल्या परंपरेचा पोशाख सुचवायला सांगितलं. आणि वकिलांचं तर ऐका. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नाही, पण ही सूट सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्टांना लागू नाही. म्हणजे जिल्हा न्यायालयातला वकील मे महिन्यात कोट काढू शकतो, आणि त्याच गावात खंडपीठापुढे उभ्या राहणाऱ्या वकिलाने मात्र तो घालायचा. ऊन काय कोर्ट बघून पडतं? माझे काका तिथेच प्रॅक्टिस करतात. संध्याकाळी घरी आले की आधी कोट खुंटीला, मग काकू दिसते.

आपल्या कॉलेजपुरतं माझं म्हणणं छोटं आहे. गॅदरिंग कमिटीने दरवर्षी भाड्यावर पैसे घालवण्यापेक्षा स्वतःचे सुती जामे आणि अंगरखे शिवून ठेवावेत. आमचा खर्च असा झाला: मलमल १०८० रुपये, शिलाई ६५०, चहा-खळ-दोरी ९०, हिमरूचा तुकडा ३५०. एकूण २१७०. भाड्याचा कोट पाच दिवसांचे २००० आणि वर ते पाचशे. बंदांचा कपडा असल्याने तो मेकॅनिकलच्या दणकट पोरालाही बसतो आणि आमच्या ई अँड टी.सी.च्या काडीलाही, व्हेल्क्रोची गरज नाही. धुता येतो, हेही सांगते, कारण भाड्याचा कोट आत नाक नेलं तर कधी धुतला असेल असं वाटत नाही. ज्या सरांना कमिटीच्या फायलीसाठी पावत्या हव्या आहेत, त्यांच्यासाठी त्या माझ्याकडे जपून ठेवल्या आहेत. (पाचशेच्या कपातीची पावती दुकानाने दिली नाही.)

जामा सध्या गर्ल्स होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर, माझ्या ट्रंकेत, कडुनिंबाचा पाला घालून ठेवला आहे. डाव्या बाहीवर चहाचा एक डाग जास्त गडद आहे, तो माझ्या चुकीने. पुढच्या वर्षी ज्याला हवा असेल त्याने रेक्टर मॅडमच्या परवानगीने घेऊन जावा आणि परत करताना खळ काढून, धुऊन द्यावा.